उलटा स्वल्पविराम

“जे आलं ते आलं तसंच ठेवायचं, सोले, सांभाळायचं ते दाखवताना,” सोले, म्हणजे गड्या, अशी मला हाक मारत वालासी एकदा म्हणाली होती. तोंडात नारळाच्या दुधात भाजलेला पाव होता, त्यामुळे ‘सांभाळायचं’ हा शब्द जरा मऊ होऊन बाहेर आला. मी हसलो. उरलेला पाव तिने माझ्या हातात कोंबला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

समोआत, आपियाच्या धक्क्याजवळच्या रेडिओ केंद्रात मी निरोप वाचायचो. मरण, आजार, बाळंतपण, बोटीने येणारा पाहुणा, पाठवलेला माशांच्या डब्यांचा खोका, सुटलेलं डुक्कर. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की दोन्ही बेटांवरच्या बिनभिंतींच्या घरांत रेडिओचा आवाज वाढायचा. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि वाईट बातमी माणसाला एकट्याला गाठते. तेव्हा ती अख्ख्या गावाला एकदम कळायची, आणि जिची होती तिच्याकडे सगळ्या माना वळायच्या. ते बरं होतं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण समुद्रावरून वाऱ्याबरोबर माझाच आवाज गावागावांतून माझ्याकडे परत येतोय असं तेव्हा वाटायचं, तसं नंतर कधी वाटलं नाही.

वालासी निरोपांच्या खिडकीवर होती. मोठ्या वादळानंतरच्या वर्षी, छप्पर नवं होतं तेव्हा, ती सवाई बेटावरून आली आणि तिथेच राहिली. अंगाने रुंद, हसताना खुर्ची हलायची. जिभेला धार. माणूस यायचा, चपला बाहेर काढायचा, सांगायचा. ती लिहायची, मग कागद डोळ्यांपासून लांब धरून त्याचंच बोलणं त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. “असंच ना?” तो हो म्हणाला की मगच कागद माझ्याकडे यायचा. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कितीजण तिथे पहिल्यांदा रडले. “आतापर्यंत हे मला खरं वाटलं नव्हतं,” एक म्हातारा तिला म्हणाला होता.

पुढे ऑकलंडला, सिडनीला गेलेल्या लोकांना तिथूनच निरोप धाडता यावेत म्हणून केंद्राने वेबसाइट काढायचं ठरवलं. न्यूझीलंडहून एक लाल कानांचा स्वयंसेवक आला. त्याने मागच्या खोलीत सर्व्हर बसवला, केंद्रातला एकुलता एक पंखा त्याच्याकडे वळवला, आणि एक फॉर्म केला: कोणाकडून, कोणाला, कोणत्या गावी, निरोप काय. खाली बटण. मग त्याचा व्हिसा संपला. मागे राहिलं ते दमटपणाने फुगलेलं एक जाड पुस्तक आणि मधेच थांबणारं वेबसाइटचं एक पान.

ते पान वालासीने घेतलं. कोणी दिलं नव्हतं. तिने खिडकीतली खुर्ची मागच्या खोलीत ओढत नेली आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

“पंखा मशीनला आणि आम्ही घामाने वितळायचं होय?” मी म्हणालो.

“मशीन बंद पडलं तर ऑकलंड मुकं होतं. तू बंद पडलास तर लोक जरा लवकर जेवतील.”

पहिल्या दिवशी तिने फॉर्ममध्ये एकच शब्द टाकला: फा’आफेताइ. आभार. बटण दाबलं आणि पान पांढरं झालं.

आमच्या बोलण्यात शब्दाच्या मधे घसा क्षणभर मिटतो. लिहिताना तिथे उलटा स्वल्पविराम द्यायचा. मशीनला वाटायचं, खूण आली म्हणजे वाक्य संपलं. पुढचे शब्द म्हणजे आपल्याला सोडलेले हुकूम. ते हुकूम त्याला कळायचे नाहीत आणि ते आडवं पडायचं.

“काय मशीन धाडलंय,” वालासी म्हणाली. “शिव्या घाला, घेतं. आभार माना, मरतं.”

मग तिने खुणेच्या आधी एक तिरकी रेघ घालायला शिकून घेतलं. त्या रेघेमुळे मशीन घाबरायचं नाही. पण निरोप दुरुस्त करायला पुन्हा उघडला की रेघ दुप्पट व्हायची, पुन्हा उघडला की आणखी दुप्पट. एका संध्याकाळी माझ्यापुढे जो कागद आला त्यात शब्दांपेक्षा रेघाच जास्त होत्या, पावसात वाकलेल्या गवतासारख्या. हवेवर मी अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत वाचलं. दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाल्या बायका ओरडल्या, “सेमिसी, काल दात गिळलेस का रे?”

त्या रेघांच्या मागे लागली असतानाच ती पाव खात ते वाक्य बोलली होती. तिला उमगलं होतं की तिची चूक कोठीत, म्हणजे मशीन निरोप साठवायचं तिथे, होती. माणसाने जे टाकलं ते आत जाताना ती बदलत होती, आणि बदललेलं पुन्हा पुन्हा बदलत होतं. आत जाईल ते मूळ जावं. बाहेर दाखवताना, ज्या पानावर दाखवायचं त्या पानाचा स्वभाव बघून, त्याला काय पांघरायचं ते पांघरावं.

नंतर चर्चच्या गायकमंडळाचा एक प्रमुख निघाला. सजावट म्हणून तो नावं टोकदार कंसांत टाकायचा. पान त्या कंसांना स्वतःची खूण समजायचं आणि नाव गिळायचं. ‘अभिनंदन’ दिसायचं, कोणाचं ते दिसायचं नाही. वालासीने कोठी उघडून मला दाखवलं: नाव तिथे होतं, कंसांसकट, मजेत बसलेलं. “आहे, पण दिसत नाही,” ती म्हणाली. “तुझ्या वडिलांसारखं.” माझे वडील मी लहान असताना होडीतून गेले ते परत आले नव्हते. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो.

फॉर्म चुकला तर भरलेलं सगळं पुसून कोरा परत येणाऱ्या पानांचा तिला संताप यायचा. “बाईने एकदा सांगितलं की आई गेली. गावाचं नाव राहिलं म्हणून तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचं?” तिच्या फॉर्ममध्ये चूक निघाली तरी भरलेलं सगळं खान्यात तसंच थांबून असायचं, बसमध्ये कोणी जागा धरून ठेवावी तसं.

आमच्या साहेबांना त्याच सुमारास घराण्याची पदवी मिळाली, तुइमाओलो. आधीचं पेलेनातो हे नाव आता तोंडावर घ्यायचं नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही कळलं. पण सकाळी त्यांनी पान उघडलं तर पान म्हणालं, ‘तालोफा, पेलेनातो!’

“हा अपमान आहे,” साहेब म्हणाले.

“तुम्ही तुमचं नाव बदलून टाकलंत का पानावर?” वालासीने विचारलं. “पानाला पदवीच्या जेवणाचं आमंत्रण नव्हतं, तुइमाओलो. त्याला डुक्करही मिळालं नाही.”

साहेब हसले. ते वाईट नव्हते. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली होती, आणि ती गोष्ट खरी होती: मी चुका करत होतो.

आमच्या पिढीला शाळेत ती खूण गाळायला शिकवलं होतं. सगळ्यांना कळतंच, मग द्यायची कशाला? आणि कळायचंही. पण निरोप परक्या देशातून, घाईत, खुणांशिवाय यायचे आणि मला ते हवेवर एका दमात वाचायचे असायचे. ’उलु म्हणजे नीरफणस, उलु म्हणजे डोकं. सिडनीच्या एका बाईने भावाला कळवलं होतं, विमानतळावर येताना चार नीरफणस आण. मी चार डोकी आणायला सांगितली. आणि सगळ्यांत वाईट जोडी म्हणजे लोउ आणि लो’उ. लोउ म्हणजे तुझी, लो’उ म्हणजे माझी. दोघींच्या मधे घशातला एक अडखळा, बाकी काही नाही.

“वालासी, खुणा तू घालून दे ना,” मी म्हणायचो. “तुझ्याएवढी भाषा कोणाला येते?”

“भाषा येते. त्यांच्या मनात काय होतं ते येत नाही.”

“कळतं की वाचून!”

“तुला कळलं होतं, चार डोकी.”

तिने वेगळा उपाय काढला. बटण दाबल्यावर निरोप लगेच जायचा नाही. एक मधलं पान यायचं, मोठ्या अक्षरांत त्यांचाच निरोप त्यांना दाखवणारं, आणि खाली प्रश्न: इथे ‘तुझी’ म्हणायचंय की ‘माझी’? खिडकीतला तिचा जुना ‘असंच ना?’ तिने ऑकलंडपर्यंत नेला होता. मला ते फार आवडलं होतं. पण लोक कामावरून दमून यायचे, मधलं पान न वाचताच पुढे दाबायचे. काहींना वाटायचं निरोप गेला, आणि ते पान तसंच सोडून झोपायला जायचे. न पोचलेल्या निरोपांच्या तक्रारी येऊ लागल्या.

शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. मी तिथेच कागद जुळवत होतो.

“ऑकलंडची एक कंपनी हे सगळं करून द्यायला तयार आहे,” ते म्हणाले. “त्यांचं पान, त्यांचा सर्व्हर. मधलं पान वगैरे काही नाही. मला ते नकोय, वालासी. पण बाजारात लोक विचारतात, तुमचा वाचणारा समोआचाच आहे ना, की कोणी गोरा पालांगी ठेवलाय? एक तर मधलं पान काढ आणि खुणा तू स्वतः घालून सेमिसीला दे, नाही तर हे पान मी बंद करतो.”

“निरोप त्यांचा आहे.”

“पान तुझं आहे. ठरव.”

ती बराच वेळ मागच्या खोलीत पंख्यासमोर बसून होती. वाऱ्याने तिचे केस मशीनच्या बाजूने उडत होते. नाही म्हटलं असतं तर ती खिडकीवर परत आली असती, आणि खिडकीवर आता फारसं कोणी येत नव्हतं. ते पान तिने शब्द शब्द फोडून शिकून उभं केलं होतं. त्याच्याशिवाय तिच्याजवळ या गावात दुसरं काही नव्हतं, नवरा नव्हता, जमीन भावांकडे होती. दुसऱ्या दिवशी मधलं पान गेलं. कोठीत मात्र तिने दोन कप्पे केले: एकात आलेला निरोप, दुसऱ्यात तिने खुणा घातलेला. मला दिसायचं ते दुसऱ्यातलं.

आणि काय सुंदर दिसायचं! प्रत्येक खूण जागच्या जागी. मी नुसतं पाण्यावरून होडी जावी तसं वाचत जायचो. मासेवाल्या म्हणाल्या, “सेमिसी, नवे दात शोभतात रे.” साहेबांनी केंद्रात सगळ्यांना कोको पाजला. वालासीने तिचा कप घेतला आणि मशीनवर ठेवला. त्यावर साय धरली तरी ती प्यायली नाही.

त्या दिवसांत ऑकलंडहून पेनिटाला नावाचा एकजण दर आठवड्याला निरोप धाडायचा. त्याची आई मूत्रपिंडाच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. सवाईवरून तिची धाकटी बहीण तिची सेवा करायला गेली होती. त्या बहिणीची मुलगी मोएलांगी मागे सवाईवरच, गावात राहायची. ‘मोएलांगी, प्रार्थना करा. आज जरा बरं आहे. आज खाल्लं नाही. तुझी आई रात्रंदिवस तिच्यापाशी आहे.’ त्यांच्या गावात एकच फोन, दुकानातला, आणि तोही नुकत्याच झालेल्या एका वादळानंतर मुका. म्हणून सगळं माझ्या तोंडून जायचं. आजारी बाई दोन्ही बेटांच्या ओळखीची झाली होती.

मग एक निरोप आला. आपल्या सगळ्यांना सोडून गेली आहे ती, पुढे ‘लोउ टिना’, खुणेशिवाय. टिना म्हणजे आई. पेनिटालाने आजवर एकही खूण घातली नव्हती. वालासीने वाचलं, “गेली बिचारी, सुटली,” म्हणाली, आणि खूण घातली. माझी आई. मी तसंच वाचलं, आवाज खाली आणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोएलांगी स्वतः आली. पहाटेची बोट आणि मग बस. कपड्याची कड समुद्राच्या पाण्याने भिजलेली, काखेत चादरीत गुंडाळलेली बारीक विणीची चटई, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, मरणाच्या घरी न्यायची. मला बघून ती थांबली.

“तू सेमिसी? अरे, तू तर काडी आहेस! आवाजावरून मला वाटलं चांगला पोसलेला असशील.”

“सगळं आवाजातच जातं,” मी म्हणालो.

“बस गं,” वालासी तिला म्हणाली. “कोको घे. मावशीचं ऐकलंस ना.”

“ऐकलं. ही चटई विमानाने जाणाऱ्या कोणाबरोबर धाडायचीय. आणि माझ्या आईला एक निरोप लिही. तिला वाटत असेल, एवढी सेवा केली नि हातून बहीण गेली. लिही, आई, तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं. आता झोप. पेनिटालाला म्हणावं, तुला लवकर घरी पाठव. कोंबड्या ठीक आहेत.”

इकडून तिकडे जाणारे निरोपही आता त्याच फॉर्ममधून जायचे. वालासीने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. “असंच ना?”

“असंच. झोप दोनदा घाल. ती एकदा सांगून ऐकत नाही.”

वालासीने दुसऱ्यांदा घातलं. मग पेनिटालाचा पत्ता घ्यायला तिने त्याचे निरोप उघडले, आणि कालच्यावर एक नवा येऊन बसलेला होता. मी तिच्या खांद्यामागे उभा होतो, मलाही दिसला. मोएलांगी कधी निघतेय, त्याने विचारलं होतं. निरोप मिळाला ना? तिच्या आईचं दफन तिच्यासाठी थांबवलं आहे. माझी आई अंथरुणातून उठून बहिणीच्या उशाशी येऊन बसली आहे, उठायला तयार नाही.

पंखा फिरत होता. वालासीचा हात माउसवर होता, आणि तो कोणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा दिसत होता.

मग तिने पहिला कप्पा उघडला. कालचा निरोप, आलेला. तिने तो जड स्क्रीन दोन्ही हातांनी धरून मोएलांगीकडे फिरवला. मोएलांगीने बोट काचेवर ठेवलं आणि शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लावत वाचलं. “लोउ टिना,” ती म्हणाली. मग पुन्हा, या वेळी घसा मधे अडवून बघत. मग नवा निरोप वाचला. तो वाचायला तिला खूप वेळ लागला.

“रेडिओवर ‘लो’उ’ आलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“ते याने घातलं?” तिने माझ्याकडे पाहिलं.

“मी घातलं,” वालासी म्हणाली.

मोएलांगीने चटई काखेतून काढून मांडीवर घेतली. “काल मी मावशीसाठी रडले. अख्खं गाव रडलं. पाद्रीबाबांनी जिवंत बाईचं नाव घेऊन प्रार्थना केली.” ती चादरीची गाठ चाचपत होती. “आता आईसाठी रडायचं तर डोळ्यांत काही उरलेलं नाही गं.”

बाहेर कोणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतं. वालासीने स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. खान्यांत मोएलांगीचा निरोप अजून भरलेला होता. तिने तो पुसायला बोट उचललं.

“खोडू नको,” मोएलांगी म्हणाली. “धाड.”

“झोप म्हटलंय तिला.”

“मग? झोपू दे की.”

“आणि कोंबड्या?”

“त्याही. ती विचारत असेल.”

वालासीने बटण दाबलं. पान क्षणभर कोरं झालं आणि मग म्हणालं की निरोप गेला.

साहेब हातात कप घेऊन आत आले. “वा, सवाईचे पाहुणे! तालोफा, तालोफा. वालासी, आज बरेच निरोप आलेत, जरा लवकर बसलीस खुणा घालायला तर बरं.” मग त्यांनी आमची तोंडं पाहिली. “काय झालं?”

मोएलांगी उठू लागली. वालासीने तिच्या मांडीवरून घसरणारी चटई उचलली आणि स्वतःच्या काखेत घेतली. पायांनी चाचपून चपला शोधल्या.

“विमानाचं तिकीट काढायला हवं असेल तर मी ओळखतो एकाला,” साहेब म्हणाले. “पण तू कुठे निघालीस? वालासी? अगं, संध्याकाळचे निरोप कोण बघणार?”

तिने जाळीचं दार खांद्याने ढकललं, मोएलांगीला आधी जाऊ दिलं, आणि तिच्यामागून, चटई छातीशी धरून, उन्हात निघून गेली.